इंडिका म्हणजे कुठली?

वनस्पतींविषयीच्या मराठी मजकुराचे संपादन हे ज्याचे रोजचे काम आहे, त्याच्या नजरेखालून एक लॅटिन विशेषण जितक्या वेळा जाते तितके दुसरे क्वचितच जात असेल. ते म्हणजे ‘इंडिका’. आंबा मँजिफेरा इंडिका, चिंच टॅमरिंडस इंडिका, कडुनिंब अझाडिरॅक्टा इंडिका. नावापाठोपाठ येणारे वाक्यही ठरलेले असते : इंडिका म्हणजे भारतीय, म्हणजेच हे झाड मूळचे आपल्याकडचे. पुस्तकाच्या हस्तलिखितात, उद्यानातल्या पाटीच्या मसुद्यात, वृक्षारोपणासाठी केलेल्या ‘देशी झाडां’च्या यादीत, औषधी वनस्पतींच्या माहितीपत्रकात हे वाक्य भेटतेच. त्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसरा अर्धा काढून टाकावा लागतो, आणि तो का काढला हे लेखकाला पटवून देण्याच्या व्यापातूनच या विशेषणाबद्दलचे माझे मत पक्के होत गेले. स्थळवाचक विशेषण वस्तूला ती जिथली आहे तिथे चिकटत नाही, ती जिथे जाऊन पोचते तिथे चिकटते. म्हणून ‘इंडिका’वरून झाडाचे जन्मगाव कळत नाही. नाव ठेवणारा कुठे उभा होता आणि त्याच्या हाती ते झाड कोणत्या वाटेने आले, याचा मात्र बऱ्यापैकी अंदाज येतो.

हे समजायला मराठी माणसाला लॅटिन यायलाच हवे असे नाही. ‘सातारकर’ हे आडनाव साताऱ्यात राहून पडत नाही. तिथे सगळेच सातारचे, मग त्या नावाने कोणाला कोणापासून वेगळे काढणार? कुटुंब पुण्या-मुंबईला आले की आळीतले लोक त्यांना सातारकर म्हणू लागतात, आणि दोन-तीन पिढ्यांनी साताऱ्याचे तोंडही न पाहिलेला माणूस सातारकर म्हणून मतदारयादीत असतो. त्या आडनावावरून त्याच्या जन्माचा दाखला कोणी काढत नाही. झाडांच्या मराठी नावांतही हाच प्रकार आहे. विलायती चिंचेचे झाड विलायतेतले नाही, ते उष्ण अमेरिकेतले. मोगली एरंडही अमेरिकेतलाच, मोगलांशी त्याचा संबंध शोधू जाल तर हाती काही लागणार नाही. सीताफळ आणि रामफळ ही दोन्ही अटलांटिकपलीकडून आलेली फळे तर थेट रामायणात जाऊन बसली. ‘विलायती’चा वापर करणाऱ्याला भूगोल सांगायचा नव्हता. आपल्या ओळखीच्या चिंचेहून ही वेगळी, बाहेरून आलेली, एवढेच त्याला म्हणायचे होते.

‘इंडिकस’ हा शब्द तर सुरुवातीपासूनच बाहेरच्याच्या तोंडचा आहे. आपली सिंधू जुन्या फारसीत हिंदू झाली, आयोनियन ग्रीकांनी ‘ह’ गाळला आणि नदीचे नाव इंडोस झाले; त्यापासून इंडिकोस हे विशेषण, आणि त्याचे लॅटिन रूप इंडिकस. सिंधूच्या काठावरच्या कोणालाही या विशेषणाची गरज पडली नव्हती. गरज पडली ती रोमच्या बाजारात. पहिल्या शतकातला प्लिनी आपल्या ‘नॅचरालिस हिस्टोरिया’त भारताशी चालणारा व्यापार रोमला दरवर्षी पाच कोटी सेस्टर्सना पडतो अशी तक्रार करतो, आणि त्याच ग्रंथात हे विशेषण मिरी-मसाले, रत्ने, रंग अशा मालाच्या संदर्भात येते. यातला एक वापर फार बोलका आहे. ‘इंडिकम’ हे नपुंसकलिंगी रूप नुसतेच, पुढे नाम न लावता, नीळ या रंगद्रव्यासाठी वापरले जाई. व्हित्रुव्हियस आणि प्लिनी दोघांच्याही लिखाणात ते आहे. विशेषणाने नाम गिळले, ‘भारतीय’ म्हणजेच ‘नीळ’ झाली, आणि त्याच शब्दातून पुढे युरोपीय भाषांतला ‘इंडिगो’ निघाला. त्या काळी या शब्दामागचा प्रदेशही काटेकोर नव्हता. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातले लेखक इथिओपिया आणि दक्षिण अरबस्तानालाही बिनदिक्कत ‘इंडिया’ म्हणतात. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला आणि आपण इंडियाला पोचलो असे समजला, तेव्हा आधीच सैल असलेला हा शब्द पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूलाही लागू झाला. त्यानंतर युरोपात ‘दोन इंडिया’ असणे ही रोजच्या बोलण्यातली गोष्ट होती. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या नोंदींतही ‘दोन्ही इंडियांत’ असे शब्द आढळतात.

लिनियसपाशी थोडे थांबायला हवे, कारण आज पाट्यांवर दिसणारी अनेक ‘इंडिका’ नावे त्याच्या १७५३ च्या ‘स्पीशीज प्लांटारम’मधली आहेत. हा गृहस्थ भारतात कधीच आला नाही. उप्सालात बसून तो दुसऱ्यांनी आणलेले वाळलेले नमुने आणि दुसऱ्यांनी छापलेली चित्रे पाहत होता. त्याच्याआधी वनस्पतीचे नाव म्हणजे एक लांबलचक लॅटिन वाक्यांश असे, आणि तो वाक्यांश वर्णन व भेद दोन्ही सांगे. लिनियसनेही ते वाक्यांश टाकून दिले नाहीत. त्यांच्याशेजारी समासात त्याने एकेक सुटसुटीत शब्द ठेवला. वर्णनाचे ओझे त्या शब्दावर नव्हते. बोलताना, पत्र लिहिताना, बियांच्या पुड्यांवर टाकायला सोयीचे म्हणून ते नाव. आणि गंमत अशी की दोनच वर्षे आधी, १७५१ च्या ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’त, जन्मस्थानावरून जाती वेगळ्या ठरवता येत नाहीत असे त्यानेच बजावले होते. यात विसंगती नाही. भेद सांगायला स्थळ चालणार नाही, हाक मारायला चालेल, असा त्याचा हिशेब होता. ‘इंडिका’ व्याकरणाने विशेषण असले तरी कामाने ते नामाचा तुकडा आहे. हा फरक ध्यानात आला की आपल्या मसुद्यांतला अर्धा गोंधळ मिटतो, कारण आपण नेमके उलट करतो : हाक मारायचा शब्द वर्णन म्हणून वाचतो.

चिंचेचेच पाहा. टॅमरिंडस हा शब्द अरबी ‘तम्र हिंदी’ म्हणजे हिंदुस्थानचा खजूर यातून आला. भारतातून जहाजांनी येणारा चिंचेचा गोळा अरबांना खजुराच्या गोळ्यासारखा वाटला असणार. त्यावर लिनियसने पुन्हा इंडिका लावले, त्यामुळे या एका नावात भारत दोनदा आला. एवढे करूनही झाड मूळचे उष्ण आफ्रिकेतले. फार प्राचीन काळी ते इकडे आले, संस्कृतात चिंचा आणि तिंतिडी झाले, गावकुसाबाहेर रुजले, भुतांचे घर झाले, आमटीत गेले. भारतातून माल आला, म्हणून अरबांनी त्याला हिंदी म्हटले. अरबांकडून शब्द आला, म्हणून युरोपने तो तसाच घेतला. व्यापारी वाट नावात जशीच्या तशी उतरली आणि झाडाची वाट गाळली गेली. खुद्द लिनियसने चिंचेचे ठिकाण सांगताना भारताबरोबर अमेरिका, इजिप्त आणि अरबस्तान यांचीही नावे दिली आहेत. म्हणजे ‘इंडिका’तून ‘फक्त भारतातली’ असा अर्थ काढावा, अशी त्याचीही अपेक्षा नव्हती. गणपतीच्या मखरापासून सत्यनारायणाच्या चौरंगापर्यंत जिचे खुंट आणि पाने लागतात ती केळ नव्हे, तर तिच्यासारख्या पानांची बागेतली कर्दळ घ्या : कॅना इंडिका, आणि ती उष्ण अमेरिकेतली. आपल्या राज्याचे फूल असलेल्या तामणीची जवळची बहीण लॅगरस्ट्रोमिया इंडिका चीनकडची. तिच्या प्रजातीला ज्याचे नाव दिले तो लागरस्ट्रोम स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता, आणि त्या कंपनीची जहाजे प्रामुख्याने कँटनला जात. कंपनीच्या नावातली इंडिया कँटनला होती, मग झाडाच्या नावातली का नसावी? खुद्द तामणीच्या वाट्याला मात्र ‘स्पेसिओसा’, म्हणजे देखणी, एवढेच आले. प्राण्यांतही हेच. टॅपिरस इंडिकस हा टॅपिर मलाया आणि सुमात्राच्या जंगलांत असतो, भारतात नाही.

मध्येच व्याकरणाची एक गोष्ट, कारण तिच्यामुळे मजकुरात भलत्याच चुका होतात. लॅटिनला मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत, आणि आपण जसे काळा, काळी, काळे करतो तसे हे विशेषण इंडिकस, इंडिका, इंडिकम होते. प्रजातीच्या नावाचे जे लिंग ते त्याचे. लेखक मात्र ही तीन रूपे म्हणजे तीन निरनिराळे शब्द समजतात, किंवा सगळीकडे ‘इंडिका’ करून टाकतात. अनंतमुळाला लिनियसने पेरिप्लोका इंडिका म्हटले होते. ती वेल हेमिडेस्मस या पुल्लिंगी प्रजातीत गेली तेव्हा तिचे इंडिकस झाले. टेटूचे बिग्नोनिया इंडिका हे नाव ओरोझायलममध्ये जाताच इंडिकम झाले. टॅमरिंडसचा शेवट पुल्लिंगी दिसतो, तरी पुढे इंडिका, कारण लॅटिनमध्ये झाडांची नावे शेवट कसाही असला तरी बहुधा स्त्रीलिंगी मानतात. म्हणून तर पिंपळही फायकस रिलिजिओसा. घर बदलले की शेवट बदलतो, मूळ शब्द राहतो. विशेषणपणाची एवढीच खूण त्याच्यात शिल्लक आहे.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात वारंवार येणारा असा : आंबा, कडुनिंब, तीळ ही तर खरोखरच या उपखंडातली, मग पाच-सात अपवादांसाठी एवढा काथ्याकूट कशाला? आंब्याचे मूळ ईशान्य भारत ते म्यानमार या पट्ट्यात, कडुनिंबाचेही याच बाजूला, आणि तिळाचा रानटी पूर्वज मलबारच्या नावानेच ओळखला जातो, हे सगळे मान्य. पण ही माहिती ‘इंडिका’तून मिळालेली नाही. ती रानटी नातलगांच्या, पुरातत्त्वाच्या, जनुकांच्या अभ्यासातून मिळाली. पुष्कळदा बरोबर आणि अधूनमधून चूक, आणि चूक कधी ते आतून कळायला मार्ग नाही, असा पुरावा साफ चुकीच्या पुराव्याहून घातक. याचे सर्वांत महाग उदाहरण अशोकाचे. सराका इंडिका हे नाव लिनियसने १७६७ मध्ये दिले, ते जावातल्या झाडाला. भारतातल्या, सीतेच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशोकाला रॉक्सबर्गने अठराव्या शतकाच्या अखेरीस जोनेसिया असोका असे स्वतंत्र नाव दिले होते. पण दोन्ही एकच, आणि भारतातले झाड तर इंडिकाच असणार, असे धरून चालण्याची सवय इतकी मुरली की दीडेकशे वर्षे आपला अशोक सराका इंडिका या नावाने वावरला. १९६० च्या दशकात या प्रजातीची नव्याने छाननी झाली, तेव्हा भारतातला तो सराका असोका आणि इंडिका नावाची जात आग्नेय आशियातली, हे स्पष्ट झाले. तरीही औषधी सालीवरच्या मजकुरात ‘सराका इंडिका’ आजही येते. अशोकाची साल म्हणून दुसऱ्याच झाडांची साल खपवली जाते, रस्त्याकडेचा उंच सरळ ‘अशोक’ तर वेगळ्याच कुळातला आहे, अशा बाजारात नावाची चूक केवळ पंडिती राहत नाही. इथे ‘इंडिका’ या शब्दावरचा भाबडा विश्वासच गोंधळ टिकवून होता.

याची उलट बाजूही पाहावी. पश्चिम घाटातला फणस हेटेरोफायलस, म्हणजे निरनिराळ्या पानांचा. मलबारची मिरी नायग्रम, काळी. साग ग्रँडिस, मोठा. पळस मोनोस्पर्मा, एकबी. यांतल्या एकाच्याही नावात भारत नाही, म्हणून ही परदेशी झाली का? बासमतीची गोष्ट तर याहून मजेची. १९२८ मध्ये जपानी संशोधक कातो यांनी भाताचे इंडिका आणि जपोनिका असे दोन गट केले. लांब, सडसडीत, मोकळा होणारा म्हणून बासमतीला आपण डोळे मिटून इंडिकात टाकतो. जनुके तपासल्यावर तो जपोनिकाच्या अधिक जवळचा निघाला. जगात जो भारतीय तांदूळ म्हणून मिरवतो तो इंडिका नाही. भांगेच्या नावातल्या इंडिकाबद्दल न बोललेलेच बरे. लामार्कने १७८५ मध्ये ते भारतातल्या नमुन्यांवरून दिले, पण आज परदेशी दुकानांत ‘इंडिका’ म्हणून जे विकतात त्याचा त्या नमुन्यांशी फारसा संबंध उरलेला नाही.

दुसरा आक्षेप तर्कशुद्ध आहे : नाव खोटे आहे तर बदला. कर्दळीला इंडिका कशाला म्हणायचे? याचे उत्तर वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत आहे. तिचे कलम ५१ सांगते की नाव गैरलागू आहे, नावडते आहे, किंवा दुसरे अधिक बरे आहे, एवढ्याच कारणावरून वैध नाव टाकता येत नाही. उदाहरण म्हणून संहितेने सायला पेरुव्हियाना हे नाव दिले आहे. ही वनस्पती पेरूमध्ये उगवत नाही, म्हणून नाव बदलायला परवानगी नाही. मला हे कलम शहाणपणाचे वाटते. नावाचा उपयोग एका जातीबद्दलची अडीचशे वर्षांची नोंद एका धाग्यात ओवण्यासाठी आहे. अर्थ पटत नाही म्हणून धागा तोडायचा ठरवला तर थांबायचे कुठे? आपल्या काटेसावरीचे जुने नाव बॉम्बॅक्स मलबारिकम किती शोभून दिसत होते. अग्रक्रमाच्या नियमाने ते गेले आणि आता ती बॉम्बॅक्स सेबा आहे. ‘सेबा’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरचा. एका अमेरिकन झाडाला इंडिका मिळाले, एका भारतीय झाडाला सेबा. हिशेब तसा फिटला म्हणायचा.

यावर कोणी २०२४ च्या माद्रिदच्या वनस्पतिशास्त्र परिषदेकडे बोट दाखवील. तिथे ‘कॅफ्रा’ आणि त्याच्या भाईबंद रूपांऐवजी ‘अफ्रा’ अशी रूपे करायचे ठरले, आणि सुमारे दोनशे नावे त्यात आली. म्हणजे विशेषण बदलता येते. येते खरे, पण कारण पाहायला हवे. ‘कॅफ्रा’ ज्या शब्दापासून आला तो दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांना दिली जाणारी घाणेरडी शिवी आहे. शिवी काढली, भूगोल दुरुस्त केला नाही. ‘इंडिका’ने कोणाचा अपमान होत नाही, झालाच तर पाटी वाचणाऱ्याचा गैरसमज होतो, आणि त्याला पाटीवर आणखी एक ओळ पुरते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्याचे पूर्ण खंडन मी करणार नाही. म्हणणे असे की हे विशेषण म्हणजे सरसकटपणाचा नमुना आहे. हजारो मैलांचा मुलूख, शेकडो बोली, प्रत्येक झाडाला दहा गावांत दहा नावे, आणि उप्सालातून सगळ्यांवर एकच शिक्का. हे खरे आहे. शिवाय लिनियसला याहून बारीक माहिती उपलब्ध होती. कोचीनचा डच अधिकारी व्हान र्‍हेडे याचा ‘होर्टस मलबारिकस’ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमहून बारा खंडांत निघाला. त्यासाठी इट्टी अच्युतन या मलबारी वैद्यांनी आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या कोकणी पंडितांनी माहिती पुरवली. त्या तिघांचे कोकणीतले, नागरी लिपीतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे आणि चित्रांवर स्थानिक नावेही आहेत. लिनियसने हा ग्रंथ भरपूर वापरला. एवढा तपशील समोर असताना ‘इंडिका’ लिहिणे म्हणजे दूरच्याची नजर, यात वाद नाही. पण त्यावर उपाय म्हणून नाव पुसले तर ती दूरची नजर असल्याचा पुरावाच जातो. मी मजकुरात करतो ते इतकेच : दुसऱ्या शब्दाचे भाषांतर करू देत नाही, ‘मूळ स्थान’ ही ओळ नावापासून तोडून वेगळ्या आधारावर लिहायला लावतो, आणि जिथे स्थानिक नावे आहेत तिथे ती शास्त्रीय नावाच्या आधी घेतो. चिंचेसारख्या ठिकाणी ‘मूळची आफ्रिकेतली, भारतात प्राचीन काळापासून’ असे दोन्ही लिहावे लागते. हजारो वर्षे इथे राहिलेल्या झाडाला देशी म्हणायचे की नाही हा प्रश्न वृक्षारोपणवाल्यांनी खुशाल लढवावा. फक्त त्यात लिनियसला साक्षीदार म्हणून उभे करू नये.

नाव ठेवणारा जवळ आला की विशेषणही आकसते, हे तर कोकणातच दिसते. मुंबई इलाख्यात नोकरी करणाऱ्या डाल्झेलने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथल्या दीपकाडीला नाव दिले तेव्हा ‘कोंकनेन्से’ हे विशेषण निवडले. तो स्वतःच इथे फिरत होता, ‘इंडिकम’ म्हणून त्याला काहीच सांगता आले नसते. अलीकडे महाराष्ट्रातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी सापकांद्याच्या एका जातीला अरिसीमा सह्याद्रिकम म्हटले, कातळसड्यांवरच्या एका गेंदाला एरिओकॉलॉन रत्नागिरिकम. यांतली एखादी जात उद्या सातपुड्यात किंवा कारवारच्या पठारावर सापडली तरी कलम ५१ तिला तेच नाव ठेवायला लावील, आणि रत्नागिरिकम म्हणजे रत्नागिरीचीच असे कोणीतरी पाटीवर लिहूनही टाकील.